सत्त्याऐंशीवं पान

परबसाहेबांना मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या माझ्या नवऱ्यालाही घातल्या नसतील. तोंडावर नाही हो, मनातल्या मनात. एकदाच तोंडावर बोलले, तेही भर ऑफिसात, दहा माणसांदेखत. ते आठवलं की अजून कान गरम होतात. पण त्याच्याकडे येईन सावकाश.

उपनगरातल्या एका कोर्टात मी वकिली करते. कुठलं ते विचारू नका, तिथेच रोज तोंड दाखवायचं आहे. त्या कोर्टाच्या फायलिंग सेक्शनला, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर, परबसाहेब बसायचे. बुटके, गोल चष्म्याचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. वडील गिरणीत, आजोळ मालवणकडचं, स्वतः बोरिवलीला राहायचे. वकिलांशी मराठी बोलायचे ते अगदी सरकारी, शिक्का मारल्यासारखं. मालवणी बाहेर आली की समजायचं, गडी एक तर चिडलाय, नाहीतर विरघळलाय. वकील मंडळींत त्यांचं नाव होतं ‘ऑब्जेक्शन परब’.

आता कोर्टाची भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी आम्ही कागदांचा गठ्ठा घेऊन खिडकीशी उभे राहायचो. आता सगळं ई-फायलिंग. घरी बसून कागद स्कॅन करायचे, त्यांची एक फाइल करायची आणि पोर्टलवर चढवायची. ती आधी परबसाहेबांसारख्या तपासणाऱ्याच्या पेटीत जाते. त्याने ‘स्वीकार’ दाबलं की केसला नंबर पडतो आणि समोरच्या बाजूने वकील आधीच उभा असेल तर त्याला त्याच क्षणी प्रत जाते. ‘परत’ दाबलं की कारणासकट आपल्याकडे येते, समोरच्याला काही दिसत नाही. स्वीकारायला एक बटण पुरतं. परत करायला मात्र कारण टाइप करावं लागतं, म्हणून बाकीची टेबलं शक्यतो स्वीकारायची. परबसाहेबांना टाइप करायची हौस फार.

हे सगळं नवीन आलं तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता परब सुधारतील. कसलं काय! कागदाच्या काळातल्या सगळ्या सवयी त्यांनी उचलून कॉम्प्युटरसमोर आणून मांडल्या. गठ्ठ्याची पानं उलटायला बोट ओलं करायचा गोल डबीतला स्पंज असतो ना, तो माऊसच्या शेजारी. दर पानाला बोट स्पंजवर टेकवायचं, मग खाली जाण्याचं बटण दाबायचं. त्या बटणावरचा बाण कधीच पुसून गेला होता. आणि लाकडी फूटपट्टी! ती पडद्याला लावून समास मोजायचे. मी एकदा म्हटलं, “साहेब, पडद्यावर पान लहानमोठं करता येतं, पट्टीने काय कळणार?” तर म्हणाले, “म्हणूनच आधी शंभर टक्के करून घेतो, मॅडम. मग पट्टी.” म्हणजे त्याचाही विचार करून ठेवलेला.

पण त्यांचा खरा जीव पानं मोजण्यात. वर अनुक्रमणिका असते, त्यात लिहिलेलं असतं की एकूण पानं इतकी. परबसाहेब पहिल्यापासून शेवटपर्यंत पुटपुटत मोजायचे. कॉम्प्युटर कोपऱ्यात आकडा दाखवत असतो, तरी मोजायचे. एखाद्या वकिलाने मध्येच हाक मारली की बोट उचलून थांबवायचे, आणि तरीही तो बोललाच तर पुन्हा एकपासून. माझी एक फाइल केवळ मागचं कोरं पान चुकून स्कॅन झालं म्हणून परत आली. कारण : ‘अनुक्रमणिकेनुसार पाने एकतीस, प्रत्यक्षात बत्तीस.’ अहो, कोरं होतं! कोऱ्या पानाने कोणाचं काय वाकडं होणार होतं? मी तणतणत गेले. ते शांतपणे म्हणाले, “कोरं आहे हे कळायला मला ते वाचावं लागेल. आम्ही वाचत नाही मॅडम. मोजतो.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं ठरलेलं म्हणजे अधिकारांचं. नवीन वकील काही गळ घालायला आला की ते बोटांवर सांगायचे. “मला तीन अधिकार आहेत. घेणे, परत करणे, का परत केलं ते सांगणे. चौथा नाही.” करंगळी नेहमी मिटलेली ठेवायचे.

त्या करंगळीची गंमत एकदा सगळ्या सेक्शनने पाहिली. एक मोठे वकील होते, गाडीतून उतरले की तीन ज्युनियर मागे धावायचे असे. त्यांच्या ऑफिसने अख्खा अर्ज उलटा स्कॅन करून पाठवला. डोकं खाली, पाय वर. परबसाहेबांनी परत केला. दुसऱ्या दिवशी स्वारी स्वतः हजर.

“तुम्हाला माहीत आहे का मी कोण ते?”

“नाही साहेब,” परबसाहेब खरोखरच्या नम्रपणे म्हणाले. “नाव पहिल्या पानावर होतं, पण उलटं होतं.”

ज्युनियरांपैकी एक जण खोकायला बाहेर पळाला. मोठे साहेब लालबुंद. “अहो, एक बटण दाबलं की पान फिरतं! एक बटण! तेवढं दाबता येत नाही?”

“येतं ना. पण दाबून जपून ठेवलं तर तुमच्या कागदाला माझा हात लागला. आज मी पान सरळ केलं, उद्या कोणी म्हणेल, परबांनी दोन शब्दपण सरळ केले. मग काय उत्तर देणार?” आणि करंगळी मिटलेला हात वर. “तो चौथा अधिकार. तो माका नाय.”

मालवणी निघाली म्हटल्यावर मीच मोठ्या साहेबांना म्हटलं, “सर, चला, चहा घेऊ.” ती फाइल दुसऱ्या दिवशी सुलटी आली आणि दोन मिनिटांत स्वीकारली गेली. मनात काही ठेवणारा माणूस नव्हता तो.

आणि नुसता आडमुठाही नव्हता, हे सांगायलाच हवं. देवनारहून एक म्हातारे बाबा यायचे, वकील लावायची ऐपत नाही, स्वतःची केस स्वतः चालवायचे. सगळे कागद दुधाच्या पिशव्या जोडून शिवलेल्या थैलीत. त्यांना कोणी सांगितलं, आता कॉम्प्युटरवर टाकावं लागतं. बाबा थैली छातीशी धरून सेक्शनच्या दारात उभे. परबसाहेबांची जेवणाची सुट्टी चालू झाली होती. त्यांनी डबा बंद केला, बाबांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि एकेक कागद काढून तारखेवार लावायला सांगितला. स्वतः एकाही कागदाला हात लावला नाही हो! फक्त बोटाने दाखवायचे : “हा आधी. नाही, तो नंतर. वीजबिल त्याच्या खाली.” मग खालच्या मदतकेंद्रात नेऊन तिथल्या माणसाकडून स्कॅन करवून दिलं. बाबा पाया पडायला वाकले तर हे घाबरून मागे सरकले. त्या दिवशी डब्यात बांगडा होता आणि तो तसाच थंड झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्यात एक समज होता की परबांच्या डब्यात बांगडा असेल त्या दिवशी ऑब्जेक्शन कमी निघतात. मी दोन वर्षं लक्ष ठेवलं. काही फरक नसतो.

आता ती गोष्ट.

माझी एक अशील होती, उज्ज्वला म्हणू. नवऱ्याच्या माराला कंटाळून आठ वर्षांच्या मुलीला घेऊन बाहेर पडलेली. आधी बहिणीकडे राहिली तर नवरा मुलीच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मुलीचा दंड धरला आणि वॉचमनने सोडवली. तेव्हा उज्ज्वलाने रातोरात म्हणतात तसं घर बदललं, मुलीची शाळा बदलली. नवीन घर आणि शाळा कुठे ते तिला, तिच्या बहिणीला आणि मला ठाऊक. इथेही सांगणार नाही. पोटगी आणि संरक्षणाच्या केसमध्ये मी तिचा पत्ता कुठेही येऊ दिला नव्हता, बहिणीचाच घातला होता. नवऱ्याचा वकील आधीपासून उभा होता, म्हणजे आमचं काहीही स्वीकारलं गेलं की प्रत थेट त्याच्याकडे आणि तिथून नवऱ्याच्या मोबाईलवर.

नवा अर्ज मी गुरुवारी संध्याकाळी चढवला. शहाऐंशी पानं. अनुक्रमणिका स्वतः टाइप केली, पानं स्वतः स्कॅन केली. शुक्रवारी दुपारी उज्ज्वलाचा फोन.

“मॅडम, ते शाळेचं बोनाफाइड देता का परत? बसच्या पासला पाहिजे.”

बोनाफाइड म्हणजे अमुक मुलगी आमच्या शाळेत शिकते असा दाखला. वर शाळेचं नाव, पत्ता, खाली मुलीचं नाव, वर्ग आणि राहण्याचा पत्ता. उज्ज्वलाने फीच्या पावत्यांबरोबर तो मला दिला होता आणि मी ठरवून बाजूला काढला होता, हा लावायचा नाही म्हणून. ‘लावायचे नाही’ची फाइल उघडली. नाही. ड्रॉवर उघडला. नाही. मग अर्जाच्या मूळ कागदांचा गठ्ठा उलटा केला, तर सगळ्यात खाली, स्कॅनरमधून निघालेला, गुळगुळीत, बोनाफाइड. पावत्यांना चिकटून मशिनीत गेला होता तो.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती खरंच सरकते. मी उज्ज्वलाला “शोधते गं” एवढंच म्हणाले आणि चपला उलटसुलट घालून रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला म्हटलं, “भाऊ, हवेत उडव, पण पोचव.”

आणि दिवस कुठला? सोमवारला जोडून सुट्ट्या लागणार होत्या, आणि वरून हुकूम आला होता की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तपासणीची पेटी रिकामी दिसली पाहिजे. सेक्शनमध्ये शिरले तर पहिल्या टेबलावरच्या बाई टकाटक ‘स्वीकार’ दाबत होत्या, पापड लाटावेत तसं. भिंतीवरच्या पडद्यावर टेबलवार शिल्लक दिसायची. टेबल दोन, परब : शिल्लक शून्य.

शून्य! म्हणजे माझी फाइलही गेली. म्हणजे पत्ता गेला. मी तिथल्या कपाटाला धरून उभी राहिले. त्या पोरीच्या दंडाचा फोटो मी पाहिला होता, पाच बोटांचे वळ. तेच डोळ्यांसमोर.

परबसाहेब डबा धुऊन, तो फडक्याने पुसत पुसत आत आले.

“साहेब, माझं एक पान काढून टाका! आत्ताच्या आत्ता!”

“कुठलं पान?”

“कालच्या अर्जातलं शेवटचं! चुकून लागलंय. समोरच्याला गेलं असेल तर परत मागवा, काय करायचं ते करा, पण ते पान काढा!”

“मॅडम, बसा आधी. पान काढायचा अधिकार मला…”

बस्स. करंगळी मिटायला लागलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. “खड्ड्यात घाला तुमचा अधिकार! एका पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही मला बोटं मोजून दाखवता? माणूस आहात की मशीन? तुमच्या त्या पट्टीने कधी माणूस मोजलाय का?”

पहिल्या टेबलावरची टकटक थांबली. परबसाहेबांनी डबा पिशवीत ठेवला, खुर्चीवर बसले, बोट स्पंजवर टेकवलं. मला वाटलं, आता हा माणूस मला बाहेर काढणार.

“मोबाईल बघितलात का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“पोर्टलचा मेसेज. सकाळी अकरा चाळीस.”

आता सांगायला लाज वाटते. पोर्टलचे मेसेज मी कधीच मुके करून ठेवले होते, कारण त्यात परबांच्या ऑब्जेक्शनशिवाय दुसरं काही नसायचं. मेसेज उघडला. ‘परत. कारण : अनुक्रमणिकेनुसार पाने शहाऐंशी, प्रत्यक्षात सत्त्याऐंशी.’

पेटीत शून्य होतं ते सगळं स्वीकारल्यामुळे नव्हे. त्यांनी सकाळपासून बसून एकेक मोजून, जे बसत होतं ते घेतलं होतं आणि जे बसत नव्हतं ते टाइप करून परत केलं होतं. मला रडू आलं. भसाभसा आलं, पदरही नव्हता, ओढणीने नाक पुसलं. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

“मग ते पान कोणाला दिसलं नाही?”

“समोरच्याला नाही. पण माझ्या पेटीत नोंद आहे, ती राहणार. उद्या त्यांनी नक्कल मागितली, तर मागू शकतात.”

“मग काढा ना!”

“बाय गो,” ते म्हणाले, आणि मला तर त्यांनी कधी बाय म्हटलं नव्हतं. “मी काढलंय तर उद्या कोणीय येऊन काढूक सांगात. आज तुझा पान, उद्या त्या घोवाचा. तो अधिकार जजसाहेबांचो. ते अजून खुर्चीर असत. कागद घे, चार ओळी लिही, धाव.”

मी धावले. तातडीचा अर्ज हाताने लिहिलेला चालतो. जजसाहेबांनी वाचला, एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चार ओळींचा हुकूम दिला : परत केलेल्या फाइलमधलं शेवटचं पान सीलबंद करावं, न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणालाही दाखवू नये. परबसाहेबांनी हुकूम दोनदा वाचला. तो वाचायचा अधिकार त्यांना असावा. मग पान कुलूपबंद केलं आणि नोंद मला दाखवली.

“कोणी बंद केलं, किती वाजता, कोणाच्या हुकुमाने, सगळं लिहिलंय,” ते पुन्हा सरकारी मराठीत आले होते. “काय बंद केलं तेवढं लिहिलेलं नाही.”

“साहेब, मी मघाशी जे बोलले…”

“नवीन फाइल चढवाल तेव्हा अनुक्रमणिका बघून घ्या.”

“तुम्ही वाचलं होतंत का हो ते पान?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “आम्ही वाचत नाही मॅडम. मोजतो.”

शहाऐंशी पानांचा अर्ज मी त्याच संध्याकाळी पुन्हा चढवला. पाच मिनिटांत परत आला. बाराव्या पानाचा समास कमी होता. मी घरात एकटीच खो खो हसत सुटले, नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला. तेव्हापासून पोर्टलचे मेसेज मी मुके केले नाहीत.

परबसाहेब पुढच्या वर्षी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. ज्या मोठ्या वकिलांचं नाव उलटं होतं त्यांनी सगळ्यात लांब भाषण केलं आणि तो किस्सा स्वतःच सांगितला. परबसाहेब भाषणात एवढंच म्हणाले की माझ्याकडून कोणाला त्रास झाला असेल तर तो नियमाप्रमाणे झाला असेल. टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू.

योगायोग असा की त्याच दिवशी उज्ज्वलाच्या केसचा हुकूम झाला. पोटगी मिळाली, आणि नवऱ्याने मुलीच्या आसपास फिरकायचं नाही असंही झालं. संध्याकाळी आम्ही तिघी, मी, उज्ज्वला आणि तिची मनू, पहिल्या मजल्याच्या बाकावर नक्कल मिळायची वाट बघत बसलो होतो. मनू माझ्या कोटाच्या बाह्यांत हात घालून वकील झाली होती. तिकडून परबसाहेब आले. हातात नारळ, खांद्याला पिशवी, पिशवीतून फूटपट्टीचं टोक बाहेर. मी उभी राहिले. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. मग थांबले, मागे वळले, मनूसमोर येऊन जरा वाकले.

“काय गो बाय, कितवीत?”

“चौथीत!” मनू कोटाच्या बाह्या फडफडवत म्हणाली. “माझ्या शाळेचं नाव सांगू?”

परबसाहेबांनी पटकन हात वर केला. पाची बोटं उघडी होती, करंगळीसकट.

“तां नको,” ते हळूच म्हणाले. “शाळेचा नाव कोणाक सांगू नको हां. माकाय नको.”

मनूने शहाण्यासारखी मान डोलावली. त्यांनी नारळ तिच्या मांडीवर ठेवला आणि निघाले. पायऱ्या उतरताना ओठ हलत होते, बहुतेक पायऱ्या मोजत असावेत.

“कोण हो हे?” उज्ज्वलाने विचारलं. “आम्हाला ओळखतात का?”

“छे गं,” मी म्हटलं. “ते फक्त पानं मोजतात.”